रकाना कोरा ठेवू नये

स्वल्पविराम हे चिन्ह मी आयुष्यभर बिनधास्त वापरलं. तहसिलीत अव्वल कारकून म्हणून छत्तीस वर्षं काढली, लाखभर तरी स्वल्पविराम कागदावर टाकले असतील, पण एकानंही मला कधी उलट उत्तर दिलं नाही. निवृत्तीनंतर मात्र याच चिन्हानं मला कॉलनीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही. तपशील पुढीलप्रमाणे.

आमच्या कॉलनीत सप्तपदी वधू-वर सूचक मंडळ आहे. मी त्याचा मानद सचिव. मानद म्हणजे काम सगळं करायचं आणि हार अध्यक्षांच्या गळ्यात पाहायचा. अध्यक्ष रुपरावजी. त्यांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत जाहीर केलं, की यंदा मुलामुलींची यादी नुसती पुस्तिकेत छापायची नाही, तर वेबसाइटवरही टाकायची. वेबसाइटवाल्यांची अट एकच. प्रत्येक माणसाची एक ओळ, आणि ओळीतल्या दोन माहितींच्या मधात एक स्वल्पविराम.

"स्वल्पविरामच टाकायचे आहेत ना," रुपरावजी म्हणाले, "ते तं भोयर साहेब चहा पिता पिता टाकतील."

मी मान डोलावली. माझी मान फार लवकर डोलते, असं माझ्या बायकोचं, गोपिकेचं, जुनं म्हणणं आहे. त्याची नोंद इथं घेऊन पुढं जातो.

आमची यादी खजिनदार गोपाळराव एका जुन्या प्रोग्रॅममध्ये टाईप करतात. त्या प्रोग्रॅमला स्वल्पविराम माहीत नाही. त्यात प्रत्येक रकान्याची रुंदी ठरलेली. नावाला वीस अक्षरं, उंचीला दहा, असं. मजकूर कमी पडला तर उरलेली जागा मोकळी सोडायची, आणि जास्त झाला तर कापायचा. सरळ शिस्तीचा कारभार आहे, मला मनापासून आवडतो.

आता हे कापणं म्हणजे काय, ते आमच्या घराला विचारा. माझी मुलगी वैभवी बी.ई. झालेली आहे, हिंगण्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तिनं नापास केलेला बोल्ट पुन्हा पास झाल्याचं ऐकिवात नाही. मागच्या वर्षी तिनं अर्जात अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लग्नानंतर नोकरी सोडणार नाही'. अपेक्षेचा रकाना बावीस अक्षरांचा. पुस्तिकेत छापून आलं, 'लग्नानंतर नोकरी सोडणार'. मग काय विचारता! पाहुण्यांची रीघ लागली. पोहे खाऊन, चहा पिऊन विचारत, "मग राजीनामा केव्हा देऊन राहिली?" सहा घरं आली आणि सहाही घरांना वैभवीनं बसल्या जागी नापास केलं. त्यानंतर कॉलनीत पसरलं, की भोयरांची पोट्टी लिहिते एक आणि बोलते एक.

यंदा अर्ज माझ्या हातात देताना ती म्हणाली, "बाबा, हे शेवटचं वर्ष. पुन्हा गडबड झाली तं माझं नाव तुमच्या यादीतून कायमचं काढायचं. अन् अपेक्षेचा रकाना मी कोरा ठेवला आहे. माझ्या अपेक्षा तुमच्या बावीस अक्षरांत मावत नाहीत. ज्याला पाहिजे त्यानं येऊन विचारावं."

मला तिच्या लग्नाची घाई नव्हती, खरं सांगतो. पण माझ्याच मंडळाच्या यादीनं माझ्याच पोरीचं हसं करावं, हे मला फार लागलं होतं. यंदा तिची ओळ बिनचूक गेली पाहिजे, एवढा एकच ध्यास होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली. अर्जाच्या तळाशी मी स्वतः मसुदा केलेली टीप छापलेली असते : 'कोणताही रकाना कोरा ठेवू नये. माहिती नसल्यास निरंक असे नमूद करावे.' निरंक म्हणजे सरकारी भाषेत 'काही नाही'. पण 'काही नाही' म्हणताना जो मोकळेपणा येतो तो निरंकात नाही, त्यात वजन आहे. अकरा वर्षांत ही टीप एकाही अर्जदारानं वाचलेली नाही. पोटच्या पोरीनंही नाही.

संगणकातलं मला कळत नाही, म्हणून मी शेजारच्या संघपालकडे गेलो. संघपालचा जन्म छप्पनचा. त्याचे वडील दीक्षाभूमीवरून आले आणि पाळण्यातल्या पोराचं नाव बदलून संघपाल ठेवलं, ही हकीकत तो दर दसऱ्याला सांगतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला. त्याच्या संगणकावर चित्रं नाहीत, फक्त काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. माऊस त्यानं ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. "उंदरानं कोणाचं भलं केलं आहे गा आजवर?" असं तो विचारतो.

यादी पाहून तो म्हणाला, "हे तं एका ओळीचं काम आहे. एक कमांड आहे, टीआर म्हणून. जिथं मोकळी जागा तिथं स्वल्पविराम टाकते. सलग दहा जागा असल्या तरी एकच टाकते. शहाणी आहे."

त्यानं एक ओळ टाईप केली. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोनशे चौदा मुलामुलींच्या मधात स्वल्पविराम पडले. मला गहिवरून आलं. एवढ्या कामाला आमच्या ऑफिसात दोन टेबलं आणि एक पावसाळा लागला असता. मी लागलीच फाईल रुपरावजींना पाठवली. रुपरावजींनी ती न उघडताच कॉलनीच्या ग्रुपवर टाकली, खाली दोन हात जोडून.

दहा मिनिटांत वरच्या मजल्यावरच्या पंचफुलाबाई मोबाईल हातात घेऊन आल्या.

"गोपिका वं," त्या दारातूनच म्हणाल्या, "तुह्या पोरीची उंची एकोणीसशे चौऱ्याण्णव आहे का? फूट का सेंटिमीटर?"

मी मोबाईल घेतला आणि पाहिलं. टीआर खरंच शहाणी होती, पण तिला माणसांची माहिती नव्हती. तिनं नाव आणि आडनावाच्या मधातही स्वल्पविराम टाकला होता, आणि '५ फूट ३'चे तर तीन तुकडे केले होते. त्यामुळे सगळं पुढच्या घरांत सरकलं. नाव वैभवी. जन्मसाल भोयर. उंची १९९४. वर्ण ५. शिक्षण फूट. नोकरी ३. गाव निमगोरा. अपेक्षा बी.ई. आणि फोन नंबराच्या जागी हिंगणा.

"तीन तीन नोकऱ्या करते बिचारी," पंचफुलाबाई हळहळल्या. "अन् शिक्षणात मात्र फूट पडली."

वैभवीनं ते वाचलं आणि मोबाईल परत दिला. "पहिली चूक धरत नाही," ती म्हणाली. कारखान्यात ती नवीन मशीनला असंच म्हणते, असं ऐकून आहे.

दुसऱ्या दिवशी संघपालनं सांगितलं, की जागा पाहून चालणार नाही, रकान्याची रुंदी मोजून कापावं लागेल. "नाव कुठं संपते, उंची कुठून सुरू होते, ते मले नेमकं पाहिजे."

नेमकं म्हटल्यावर मी घरून फूटपट्टी आणली. पडद्यावर ठेवून मोजलं. नाव साडेसहा सेंटिमीटर, उंची तीन सेंटिमीटर दोन मिलिमीटर. वहीत लिहून सही करून दिलं. संघपालनं कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि ड्रॉवर उघडून माऊसकडे बघत बसला. बहुधा त्याला पहिल्यांदाच त्या प्राण्याबद्दल माया वाटली असावी.

"सेंटिमीटर नाही गा भोयर! अक्षरं मोज, अक्षरं!"

बरं, अक्षरं मोजू. अपेक्षेचा रकाना मला तोंडपाठ होता, कारण त्यानंच माझ्या घरात आग लावली होती. 'लग्नानंतर नोकरी सोडणार'. बोटावर मोजलं. ल, ग्ना, नं, त, र... मोकळ्या जागा धरून चौदा.

"पण बावीसचा रकाना म्हणतात ना?" संघपालनं विचारलं. मग तोच म्हणाला, "थांब. मशीनले काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. ग्ना तुले एक दिसते. मशीनले ग, पाय मोडायची खूण, न, काना, असे चार दिसतात." त्यानं मोजलं आणि बरोबर बावीस भरले. म्हणजे पोरीचा 'नाही' जिथं कापला गेला, तीच जागा आम्हाला मापाची सापडली. तिथून मागं मागं येत आम्ही सगळे रकाने मोजून काढले. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

मग संघपालनं 'कट' नावाची कमांड चालवली. नाव पहिल्या वीस अक्षरांत, म्हणून वीसवर कापलं. पडद्यावर आलं, 'वैभवी भ', आणि पुढं काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. रुपरावजींचा मुलगा विक्की, त्याच्या पुढं नुसतंच प्रश्नचिन्ह. दुर्दैव असं, की रुपरावजी नेमके तेव्हाच कुठवर आलं हे पाहायला दारात उभे होते.

"आमच्या घराण्याच्या जागी प्रश्नचिन्ह?" ते म्हणाले. "तीन पिढ्यांचं नाव आहे ते! कोणी घातलं हे?"

"मशीननं घातलं जी," संघपाल शांतपणे म्हणाला. "ही कट अक्षरं मोजतच नाही, आतल्या जागा मोजते. इंग्रजी अक्षराले एक जागा लागते, मराठीले तीन. वीस जागांत सहा अक्षरं बसली, सातवं मधातून चिरलं."

मराठी अक्षर इंग्रजीच्या तिप्पट भरतं, हे ऐकून माझा ऊर भरून आला. मी तसं बोलूनही दाखवलं. रुपरावजी म्हणाले, तिप्पट भरत असेल तर चिरलं काहून?

शेवटी 'ऑक' नावाच्या कमांडनं काम केलं. तिला रुंद्यांची यादी दिली, की ती अक्षर न चिरता नीट रकान्याला रकाना वेगळा करते. ओंजळीत पाणी घ्यावं तशी अलगद. माणसं पुन्हा आपापल्या उंचीला आली. मी म्हटलं, झालं, आता मधात स्वल्पविराम टाक. टाकले. आणि शिक्षिका असलेल्या तेरा मुली पुन्हा बिघडल्या. कारण त्यांचं शिक्षण 'एम.ए., बी.एड.' त्यात आधीच एक स्वल्पविराम होता. त्यांचं बी.एड. नोकरीत गेलं, नोकरी गावात गेली, आणि गाव अपेक्षेत.

"मग स्वल्पविराम नको, दुसरं चिन्ह घे," असं मी सहज म्हणालो. अध्यक्ष म्हणाले, धोरणात्मक बाब आहे, कार्यकारिणीपुढं ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळरावांच्या अंगणात कार्यकारिणी बसली. विषय क्रमांक एक : मधात काय टाकावे.

गोपाळराव म्हणाले, पूर्णविराम टाका. यावर एकदम कल्ला झाला. लग्नाच्या यादीत पूर्णविराम? अशुभ! मग कोणी उभी रेघ सुचवली. देवाजी नावाचे आमचे एक सदस्य आहेत, फार कमी बोलतात. ते उठले आणि म्हणाले, "दोन घरं जोडायची अन् मधात भिंत उभी करायची, हे मले पटत नाही." टाळ्या पडल्या. अधिक चिन्हाला पाठिंबा होता, पण पंचफुलाबाईंनी पत्रिका जमत नसताना अधिक कसं म्हणता, असा मुद्दा काढला. पंचफुलाबाई कार्यकारिणीत नाहीत, पण बैठक त्यांना खिडकीतून दिसते. दोन तासांनी ठराव झाला, की मधात छोटासा बदाम टाकावा. सूचक रुपरावजी, अनुमोदक गोपाळराव.

वेबसाइटवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, स्वल्पविरामच पाहिजे, बदाम चालत नाही. ठराव आजही इतिवृत्तात आहे, रद्द झालेला नाही.

तोडगा मी काढला, याचा मला अभिमान आहे. मी म्हटलं, आतला स्वल्पविराम काढ आणि तिथं 'व' घाल. सरकारी भाषा. एम.ए. व बी.एड. संघपालनं केलं. शिक्षिका सुधारल्या. मानेवाडा, नागपूर येथे राहणारा एक मुलगा मात्र 'मानेवाडा व नागपूर' इथं राहू लागला, आणि त्याची दोन घरं आहेत अशी समजूत होऊन त्याला पुढं बरीच स्थळं आली. त्यानं अजून तक्रार केलेली नाही.

आता फाईल वेबसाइटवर चढवली. वेबसाइटनं नाकारली. लाल अक्षरांत आलं : काही रकाने रिक्त आहेत.

मी खुर्चीत ताठ बसलो. अकरा वर्षं मी हेच सांगत होतो, आणि शेवटी एका यंत्रानं ते ऐकलं होतं.

"संघपाल," मी म्हणालो, "जिथं जिथं कोरा रकाना असेल, तिथं तिथं निरंक."

"असं तं एका ओळीत होते," तो म्हणाला. आणि झालं. यंत्रानं सांगितलं, एकसष्ट कोरे रकाने भरले. मी सवयीनं ताळा घ्यायला सांगितला. संघपालनं 'ग्रेप' नावाची कमांड चालवली, ती शब्द शोधून देते. ग्रेप म्हणजे द्राक्ष, नागपुरात बसून कमांडला संत्र्याचं नाव द्यायला काय हरकत होती, हे मला कळत नाही. असो. द्राक्षानं मोजून सांगितलं : निरंक, बासष्ट.

भरले एकसष्ट, सापडले बासष्ट. एक जास्त कुठून आला?

पुन्हा मोजलं. बासष्टच. मूळ फाईल काढून पाहू म्हटलं, तर संघपालनं नवी फाईल जुनीच्याच नावानं जपून ठेवली होती, म्हणजे जुनी गेली. अर्ज पाहू म्हटलं, तर टाईप झाल्याबरोबर गोपाळरावांनी ते रद्दीत दिले होते.

"जाऊ दे ना गा, एकानं काय होते?" संघपाल म्हणाला.

एकानं काय होते! तहसिलीत एकानं माणसं निलंबित झालेली मी पाहिली आहेत. पण वेबसाइटनं फाईल स्वीकारली, हिरवी खूण आली, पुस्तिकाही छापायला गेली, आणि तो बासष्टावा निरंक माझ्या मनात दाताच्या फटीतल्या बडीशेपेसारखा अडकून राहिला.

चार दिवसांनी यादी सगळीकडे पोचली. पहिले देवाजी आले. त्यांच्या मुलाच्या वर्णाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता, आता तिथं 'निरंक' होतं. "पोट्टा काय काचेचा आहे का माह्या?" एवढंच विचारून ते गेले. त्यांच्या स्वभावाला धरून हे फार लांब भाषण होतं.

मग आमचा फोन वाजायला लागला.

"भोयर साहेब? तुमच्या मुलीची माहिती वाचली. अपेक्षा निरंक! वा! आजकाल असे संस्कार कुठं पाहायला मिळतात?"

माझ्या हातातला फोन गार पडला. एकसष्टातला एक कोरा रकाना माझ्या घरचा होता, आणि मीच तो भरला होता.

दोन दिवसांत त्रेचाळीस फोन आले. एक बाई म्हणाल्या, आमच्या अपेक्षा सतरा आहेत, तुमच्या काहीच नाहीत, म्हणजे जमलंच. एकानं विचारलं, निरंक म्हणजे नोकरीही निरंक ना? पंचफुलाबाईंनी जिन्यात गोपिकेला थांबवून हळूच विचारलं, पोट्टीनं हात टेकले का वं शेवटी?

वैभवी शिफ्टवरून आली तेव्हा चव्वेचाळिसावा फोन चालू होता. तिनं तो ऐकला. डबा ओट्यावर ठेवला आणि माझ्यासमोर बसली. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चिडली नाही.

"बाबा, मी कोरं ठेवलं होतं," ती म्हणाली. "कोरं अन् निरंक एक नसते. कोरं म्हणजे मी अजून सांगितलं नाही. निरंक म्हणजे माह्याजवळ सांगायले काहीच नाही. मागच्या वर्षी तुमच्या मशीननं 'नाही' कापला. यंदा तुम्ही."

छत्तीस वर्षांत मला हा फरक कोणी सांगितला नव्हता. मी हजारो कोरे रकाने निरंक करून टाकले, आणि त्यातल्या किती जणांना पुढं काही सांगायचं होतं, कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "चुकलो पोरी." गोपिका आतून म्हणाली, "हे वाक्य टिपून ठेव वं, पुन्हा ऐकायले भेटणार नाही."

"उद्याच्या उद्या नाव काढा," वैभवी म्हणाली. "अन् तोवर फोन तुम्हीच उचलायचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नाव काढायला संघपालकडे निघालो होतो. चपलेत पाय घातला आणि फोन वाजला. मी न ऐकताच सुरुवात केली, "हे पहा, ती अपेक्षा चुकून..."

"नमस्कार जी. मले सचिवांशी बोलायचं होतं," पलीकडून तरुण आवाज आला. "मी रामटेकवरून ऋषिकेश बोलून राहिलो. कृषी सहायक आहे. यादीत एकोणीस जणांच्या अपेक्षा निरंक आहेत. ते त्यांनी स्वतः लिहिलं, का तुमच्याकडे भरल्या गेलं?"

असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी चप्पल काढली. "काहून विचारता?"

"क्रमांक एकशे सतरा, वैभवी भोयर. हे निरंक मले पटलं नाही. म्हणून मागच्या वर्षीची पुस्तिका काढून ताळा केला. तिथं आहे, 'लग्नानंतर नोकरी सोडणार'. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम नाही, अन् रकाना तिथंच संपते. म्हणजे पुढं 'नाही' असला पाहिजे. एवढं स्पष्ट लिहिणारी मुलगी एका वर्षात निरंक कशी होईल?"

ताळा केला! मला खुर्चीवर बसावं लागलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून मी विचारलं, "आणि तुमच्या स्वतःच्या अपेक्षा?"

"माह्याही निरंकच आहेत. पण ते मी स्वतः लिहिलं."

"स्वतः? काहून?"

"सांगायच्या गोष्टी त्या रकान्यात मावत नव्हत्या जी. कोरा ठेवणार होतो. पण अर्जाच्या खाली टीप होती ना, रकाना कोरा ठेवू नये, निरंक असे नमूद करावे."

बासष्टावा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, उगाच खोटं काहून बोलू? अकरा वर्षांत, हजारो अर्जांत, माझी टीप वाचणारा एक माणूस रामटेकला धानाचे पंचनामे लिहीत बसला होता. मी फोन ठेवला आणि घरभर फिरत गोपिकेला सांगत सुटलो. हिशेब लागला, बासष्ट बरोबर आहेत, टीप वाचली, त्यानं टीप वाचली!

संध्याकाळी वैभवीला सांगितलं. मुलाच्या घरी कोण असतं, दिसतो कसा, हे विचारायचं मी विसरलोच होतो. टीप वाचली, ताळा घेतला, हेच तीन वेळा सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "इतका आवडला असेल तं तुम्हीच करा त्याच्याशी लग्न."

पण मग तिनं मागच्या वर्षीच्या पूर्णविरामाची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली. दोनदा. आणि नाव काढायचं रविवारपर्यंत थांबवा म्हणाली.

मी फोन करून बोलावलं, आणि रविवारी दुपारी ऋषिकेश आला. गोपिकेनं कोथिंबीर भरून सांबारवडी केली होती. वैभवीनं त्याच्यापुढं चार पानं ठेवली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. "ह्या माह्या अपेक्षा," ती म्हणाली. त्यानं सांबारवडी बाजूला सारली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. एकही ओळ न गाळता वाचलं. मी त्याच्या डोळ्यांवर नजर ठेवून होतो. मग तो म्हणाला, "सातव्या मुद्द्यावर शंका आहे." आम्हाला वाटलं, संपलं. सातवा मुद्दा नोकरीचा होता.

"तुम्ही हिंगण्याची नोकरी सोडणार नाही, हे ठीक. पण मी रामटेकवरून यायचं का तुम्ही मधात कुठं राहायचं, हे लिहिलं नाही."

"ते मुद्दाम कोरं आहे," वैभवी म्हणाली.

"मग मी भरू?" त्यानं पेन काढलं आणि लिहिलं : राहणे नागपूर, रामटेकला जाणे-येणे मी करीन. आणि वैभवीनं ते, बोल्ट तपासावा तसं, दोनदा वाचून पास केलं.

नंतर ते गच्चीत गेले आणि दोन तास बोलले. त्यानंतर आणखी चार रविवार तो आला. त्याच्या अपेक्षांचीही पानं आली. ती मला दाखवली नाहीत, आणि मी मागितली नाहीत, ही माझ्या स्वभावातली मोठी सुधारणा समजावी.

पाचव्या रविवारी आम्ही सगळे समोरच्या खोलीत बसलो होतो. संघपाल होता, पंचफुलाबाई तर होत्याच. वैभवी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी हो म्हणून राहिली. आईचं झालं विचारून. तुमची काही हरकत?"

मला बोलायचं होतं. पण मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसलो. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"बोला ना गा भाऊ," पंचफुलाबाई म्हणाल्या, "रकाना कोरा काहून ठेवून राहिले?"

मी डोळे पुसले, ताठ बसलो, आणि वैभवीच्या डोक्यावर हात ठेवला.

"निरंक," मी म्हणालो.